नाटेकर, नंदू

(१२ मे १९३३–२८ जुलै २०२१). भारताचे अग्रगण्य बॅडमिंटनपटू. पुरुषांच्या एकेरीतील राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांनी सहा वेळा मिळविले. परदेशातील आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा जिंकणारे ते पहिले भारतीय होत. त्यांचा जन्म सांगली येथे झाला. बॅडमिंटन हा अर्थार्जनाचा व्यवसाय होण्यापूर्वीच्या काळात त्यांची सारी कारकीर्द घडली. त्यामुळे तिचे मोजमाप आजच्या व्यावसायिक खेळाडूंना लावल्या जाणाऱ्या मापांनी करता येत नाही. त्यांच्या बहराच्या काळात बॅडमिंटनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा अस्तित्वात नव्हती, ऑलिंपिक क्रीडासामन्यांत या खेळाला स्थान नव्हते आणि विजेत्याला करंडकाखेरीज काही मिळण्याची अपेक्षाही नव्हती.

नाटेकर लहानपणी टेनिसही खेळत आणि त्या खेळात त्यांनी कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत मजल मारली होती. १९५१-५२ च्या सुमारास तेथे त्यांची गाठ रामनाथन कृष्णन यांच्याशी पडली आणि त्यांना हार पत्करावी लागली. कृष्णन पुढे १९५४ मध्ये विंबल्डनच्या कनिष्ठ गटाचे विजेते झाले आणि १९६० व १९६१ अशा लागोपाठ दोन वर्षी ते विंबल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचले. अशा प्रतिस्पर्ध्याकडून झालेला पराभव कमीपणाचा नव्हता. तथापि त्यानंतर नाटेकरांनी टेनिसचा नाद सोडून सारे लक्ष बॅडमिंटनवर केंद्रित केले. टेनिसमधील हा उमेदवारीचा काळ वाया गेला, असे म्हणता येणार नाही. क्रीडांगणाचा अंदाज, प्रतिस्पर्ध्याला जागेवरून हलविण्याची दृष्टी आणि एकट्याने सामना पेलण्याची सवय या गोष्टी दोन्ही खेळांत समान आहेत. मात्र टेनिसमध्ये हाताच्या लांब फेकीला जे महत्त्व आहे, ते बॅडमिंटनमध्ये मनगटाला आहे, आणि नाटेकरांचे खरे सामर्थ्य त्यांच्या मनगटातच होते.

त्यांच्या उदयापूर्वी महाराष्ट्रात हा खेळ चांगला रुजला होता. १८७० च्या सुमारास पुण्याच्या लष्करी छावणीतील इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत. त्याचे प्रारंभीचे नियम पुण्यातच तयार झाले, म्हणून काही काळ तो ‘पूना’ या नावानेही ओळखला जाई. इंग्लंडमधील ड्यूक ऑफ बोफर्टच्या ‘बॅडमिंटन’ या निवासस्थानावरून त्याला आजचे नाव मिळाले. ऑल इंग्लंड अजिंक्यपद स्पर्धा १८९९ मध्ये सुरू झाली. भारतीय बॅडमिंटन संघटना आणि आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन महासंघ या दोन्ही संस्था १९३४ साली स्थापन झाल्या व १९३६ मध्ये भारत महासंघाचा सदस्य झाला. क्रिकेटपटू प्रा. दि. ब. देवधर यांच्या तारा, सुंदर व सुमन या कन्यांनी १९४० नंतरच्या दशकात महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. त्यांच्यामुळे हा खेळ छावण्या व जिमखाने यांच्या कुंपणाबाहेर येऊन मध्यमवर्गीय मराठी कुटुंबांत पोहोचण्यास मोठी मदत झाली.

पुरुषांच्या एकेरीत नाटेकरांच्या आधी भारताचे नाव झाले, ते लाहोरच्या प्रकाश नाथ यांच्यामुळे. १९४७ च्या ऑल इंग्लंड स्पर्धेत ते अंतिम फेरीत पोहोचले आणि स्वीडनच्या कॉनी येप्सेनकडून पराभूत झाले. त्यांच्याबरोबर गेलेले देविंदर मोहन हेही त्याच स्पर्धेत खेळत होते. या जोडीविषयी अशी हकीकत सांगितली जाते, की सोडतीत दोघेही एकाच बाजूला आल्याने त्यांची परस्परांशी गाठ पडली, तेव्हा निष्कारण दमणूक नको म्हणून त्यांनी सामना न खेळता नाणेफेकीने निकाल लावला. एवढ्या दूरच्या प्रवासाला गेलेल्या दोन खेळाडूंपैकी एकाने नाण्याच्या कौलावर स्पर्धेबाहेर व्हावे, यातच त्या काळच्या भारतीय खेळाडूंची परिस्थिती दिसून येते. त्याच वर्षी फाळणी झाली, लाहोर सुटले आणि प्रकाश नाथ यांची कारकीर्द ऐन भरात असतानाच खुंटली. नाटेकरांचा उदय झाला, तो या खंडित परंपरेनंतर पाच-सहा वर्षांनी.

एकेरीच्या खेळाचे त्या काळचे स्वरूप आजच्याहून बरेच भिन्न होते. ते समजल्याशिवाय नाटेकरांच्या शैलीचे मर्म ध्यानात येणार नाही. क्रीडांगण आजच्याच मापाचे, म्हणजे एकेरीसाठी १३.४ मी. लांब व ५.१८ मी. रुंद, आणि जाळीची मध्यावरील उंची १.५२ मी. होती. तथापि गुणमोजणीची पद्धत वेगळी होती. पुरुषांच्या एकेरीत डाव पंधरा गुणांचा असे व तीनपैकी दोन डाव जिंकणारा विजयी ठरे. गुण मात्र आरंभखेळी करणाऱ्यालाच मिळे. प्रतिस्पर्ध्याची आरंभखेळी मोडून काढली, तर फक्त आरंभखेळीचा हक्क आपल्याकडे येई, फलकावरील आकडा हलत नसे. तेरा किंवा चौदा गुणांवर बरोबरी झाल्यास डाव वाढविण्याची मुभा होती. परिणामी बराच वेळ खेळूनही गुणसंख्या तीच राही, आणि सामना जिंकण्यासाठी फटक्यांइतकीच चिकाटी व धीमेपणा यांचीही कसोटी लागे. पिछाडीवर पडलेल्या खेळाडूला सावरण्यास पुष्कळ अवसर असे, पण आघाडीवरच्यालाही अखेरचा गुण आपल्याच आरंभखेळीवर मिळवावा लागे. २००६ पासून प्रत्येक खेळीला गुण देणारी एकवीस गुणांची पद्धत जगभर लागू झाली, तेव्हा हा प्रकार संपुष्टात आला.

खेळाचे साधनही चमत्कारिक. सोळा पिसांचे, जेमतेम पाच ग्रॅम वजनाचे फूल रॅकेटवरून सुटते, तेव्हा त्याचा वेग फार मोठा असतो. परंतु हवेच्या विरोधामुळे तो झपाट्याने ओसरतो आणि शेवटी फूल जवळजवळ सरळ खाली पडते. म्हणून या खेळात जोराइतकेच फसवणुकीला महत्त्व आहे. एकाच पवित्र्यातून आणि हाताच्या एकाच हालचालीतून उंच टोला, जोरकस तडाखा किंवा जाळीलगत अलगद टाकलेले फूल यांपैकी काय येणार, याचा प्रतिस्पर्ध्याला अखेरच्या क्षणापर्यंत पत्ता लागू न देणे, ही एकेरीतील श्रेष्ठ कला होय. नाटेकर या कलेत निष्णात होते. मनगटाच्या किंचित वळणाने ते फुलाची दिशा बदलीत, पूर्ण ताकदीचा आव आणून अर्धाच तडाखा मारीत आणि जाळीजवळच्या नाजूक खेळाने प्रतिस्पर्ध्याला पुढे खेचून मागची मोकळी जागा हेरीत. त्यांच्या हालचाली डौलदार होत्या व खेळ पाहण्यास देखणा होता, याविषयी त्यांचा खेळ पाहिलेल्यांत मतभेद नाही. देखणा खेळ व परिणामकारक खेळ या दोन गोष्टी दरवेळी एकत्र नांदतातच असे नाही. नाटेकरांच्या बाबतीत त्या नांदल्या, हे त्यांच्या विजयांच्या संख्येवरून स्पष्ट होते.

राष्ट्रीय एकेरीचे अजिंक्यपद त्यांनी प्रथम १९५३ मध्ये मिळविले. त्यावेळी ते वीस वर्षांचे होते. त्यानंतरच्या बारा-तेरा वर्षांत त्यांनी एकेरीत एकूण सहा, दुहेरीत सहा व मिश्र दुहेरीत पाच अशी सतरा राष्ट्रीय अजिंक्यपदे पटकाविली. या काळात त्यांना निर्वेध वाट लाभली होती असे मात्र नाही. प्रारंभी त्रिलोकनाथ सेठ हे त्यांचे तुल्यबळ प्रतिस्पर्धी होते आणि १९५५ नंतर काही काळ सेठ यांची सरशी होत होती. पुढे सुरेश गोयल व दिनेश खन्ना ही तरुण पिढी त्यांच्यासमोर उभी राहिली. गेलेले अजिंक्यपद परत मिळविण्याचा पराक्रम नाटेकरांनी एकाहून अधिक वेळा केला. सलग यशापेक्षा असे पुन्हा उभे राहणे अवघड असते, कारण एकदा हरवलेल्या विजेत्याच्या खेळातील कच्चे दुवे सर्वांना ठाऊक झालेले असतात.

एकेरी, दुहेरी आणि मिश्र दुहेरी या तिन्ही प्रकारांत एकाच खेळाडूने एवढे यश मिळविणे आज जवळजवळ अशक्य झाले आहे. आज एकेरीचा खेळाडू केवळ एकेरीच खेळतो. त्याचे प्रशिक्षण, आहार, व्यायाम व विश्रांती या साऱ्यांची आखणी त्या एका प्रकारासाठी केलेली असते. नाटेकरांच्या काळी अशी विभागणी नव्हती. स्पर्धेला गेलेला खेळाडू सकाळी एकेरी, दुपारी दुहेरी आणि संध्याकाळी मिश्र दुहेरी खेळे. त्याच्यावर खर्च करणाऱ्या संघटनेलाही तेच परवडे. एकेरीसाठी लागणारी शक्ती अशा रीतीने तीन ठिकाणी वाटली जाई.

ऑल इंग्लंड स्पर्धेत ते प्रथम १९५४ मध्ये उतरले व उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचले. या स्पर्धेला त्या काळी अनधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धेचे स्थान होते. एकेरीत तेव्हा मलायाच्या खेळाडूंची सद्दी होती. १९५० पासूनची तीन वर्षे आणि नंतर १९५५ हे वर्ष वाँग पेंग सून याचे, तर १९५३, १९५४, १९५६ व १९५७ ही वर्षे एडी चुंगची. आठ वर्षांत या स्पर्धेचे एकेरीचे विजेतेपद मलायाबाहेर गेले नाही. सांघिक स्पर्धेतही तेच चित्र होते. १९४९ मध्ये प्रथम खेळल्या गेलेल्या टॉमस चषकाच्या पहिल्या तिन्ही स्पर्धा मलायाने जिंकल्या. म्हणजे बॅडमिंटनची राजधानी लंडनहून हलून सिंगापूर–क्वालालुंपूर या टापूत आली होती.

ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्यास नाटेकरांच्या १९५६ मधील विजयाचे महत्त्व नीट कळते. त्या वर्षी क्वालालुंपूर येथे झालेल्या सेलांगूर आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी एकेरीचे विजेतेपद मिळविले. भारतीयाने भारताबाहेर जिंकलेली ही पहिली आंतरराष्ट्रीय बॅडमिंटन स्पर्धा. पुढच्या काळातील काही लेखनात या विजयाचा उल्लेख जागतिक विजेतेपदाच्या थाटात केलेला आढळतो, तो बरोबर नाही. सेलांगूर हे मलायातील एक राज्य व स्पर्धा त्या राज्याच्या नावाने भरणारी होती. परंतु ‘राज्याची स्पर्धा’ म्हणून ती दुय्यम ठरविणेही तितकेच चुकीचे होईल. ज्या देशात या खेळाचे सर्वांत जाणकार प्रेक्षक होते आणि गल्लोगल्ली मुले हा खेळ खेळत होती, त्या देशात जाऊन परक्या खेळाडूने एकेरी जिंकणे हे लंडनमधील एखाद्या विजयापेक्षा कमी मोलाचे नव्हते. मलाया त्यावेळी अद्याप ब्रिटिशांच्या अंमलाखाली होता. त्याला स्वातंत्र्य मिळाले, ते पुढील वर्षी, ३१ ऑगस्ट १९५७ रोजी.

यानंतर बँकॉक येथील किंग्ज कप आंतरराष्ट्रीय स्पर्धेत त्यांनी १९६२ मध्ये मीना शाह यांच्या साथीने मिश्र दुहेरीचे व १९६३ मध्ये एकेरीचे विजेतेपद मिळविले. मीना शाह या लखनौच्या. १९५९ ते १९६५ अशी सात वर्षे महिलांचे राष्ट्रीय अजिंक्यपद त्यांच्याकडे होते. १९६३ मध्ये नाटेकर तिशीत आले होते. एकेरीच्या खेळाडूची पावले या वयात जड होऊ लागतात आणि त्याला अनुभवावर अधिक विसंबावे लागते. क्वालालुंपूरनंतर सात वर्षांनी मिळालेल्या या विजेतेपदाची चर्चा त्या मानाने कमी झाली, ही गोष्ट खटकते.

टॉमस चषक स्पर्धेत नाटेकरांनी १९५१ ते १९६३ या काळात भारताचे प्रतिनिधित्व केले व १९५९, १९६१ आणि १९६३ मध्ये संघाचे नेतृत्वही केले. या स्पर्धेत ते सोळा एकेरी व सोळा दुहेरी सामने खेळले. त्यांपैकी एकेरीचे बारा व दुहेरीचे आठ सामने त्यांनी जिंकले. त्या काळी टॉमस चषकाची प्रत्येक लढत पाच एकेरी व चार दुहेरी अशा नऊ सामन्यांची असे आणि ती दोन दिवस चाले. संघातील पहिल्या दोन क्रमांकांच्या खेळाडूंना प्रतिपक्षाच्या दोघांशीही एकेरी खेळावी लागे, शिवाय बहुधा त्यांनाच दुहेरीतही उतरावे लागे. नाटेकरांच्या एकेरी व दुहेरी सामन्यांची संख्या सारखी आहे, याचे कारण या रचनेत सापडते. त्यांनी एकेरीत चारांपैकी तीन सामने जिंकले, तर दुहेरीत निम्मे. ते मुळात एकेरीचे खेळाडू होते, हे या आकड्यांतून निर्विवाद सिद्ध होते.

या आकड्यांत आणखी एक गोष्ट दडलेली आहे, आणि ती अधिक महत्त्वाची आहे. बारा वर्षांत सोळा एकेरी सामने म्हणजे वर्षाला सरासरी एक किंवा दोन. देशाच्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला जगातील या सर्वांत मोठ्या सांघिक स्पर्धेत एवढीच संधी मिळत होती. २०१८ पासून जागतिक महासंघाने एकेरीच्या पहिल्या पंधरा खेळाडूंना वर्षाकाठी किमान बारा स्पर्धांत भाग घेणे बंधनकारक केले, हे लक्षात घेता दोन काळांतील अंतर ध्यानी येते. आजच्या खेळाडूची तक्रार विश्रांती मिळत नाही अशी असते. नाटेकरांच्या पिढीला परदेशी खेळाडूंशी खेळायला मिळणे हीच दुर्मीळ गोष्ट होती. परदेशी स्पर्धेत गेल्यावर तेथील दिवे, दिवाणखान्याची उंची आणि फुलाचा वेग यांची सवय होईपर्यंत स्पर्धा संपलेली असे.

सांघिक यशाच्या दृष्टीने भारतासाठी तो काळ आशादायक होता. १९५२ मध्ये सिंगापूर येथे झालेल्या आंतरविभागीय फेरीत भारताने डेन्मार्कला हरविले, पण अमेरिकेकडून ४–५ अशी निसटती हार पत्करली. तो एक सामना भारताच्या बाजूने गेला असता, तर चषकासाठी मलायाशी अंतिम लढत भारताची झाली असती. १९५५ मध्येही भारताने याच फेरीत अमेरिकेला नमविले. मात्र डेन्मार्कने त्याची वाटचाल रोखली. यानंतर इंडोनेशियाचा उदय झाला व १९५८ मध्ये चषक त्या देशाकडे गेला. तेथून पुढे दोन दशके भारताला या स्पर्धेत अशी संधी लाभली नाही.

अर्जुन पुरस्कार १९६१ मध्ये सुरू झाले आणि बॅडमिंटनसाठीचा पहिला पुरस्कार नाटेकरांना देण्यात आला. हौशी खेळाडूला शासनाकडून मिळणारा तो सर्वोच्च सन्मान होता. यापलीकडे खेळातून आर्थिक लाभ होण्याचा मार्ग नव्हता. हौशीपणाचे नियम कडक असत आणि खेळाच्या मोबदल्यात पैसे घेणारा खेळाडू स्पर्धेतून बाद होऊ शके. चरितार्थासाठी नोकरी, सरावासाठी नोकरीनंतरचा वेळ आणि प्रवासासाठी संघटनेच्या मदतीची वाट पाहणे, असा साधारण क्रम असे. पिसांची फुले महाग. चांगल्या सामन्यात ती एकामागून एक निकामी होत. म्हणून सराव जुन्या, पिसे झडलेल्या फुलांनी करावा लागे, आणि नाजूक मनगटी फटक्यांचा अभ्यास अशा फुलांवर नीट होत नाही. हौशीपणाच्या नियमामागील भूमिका उदात्त होती, असे पुष्कळदा सांगितले जाते. प्रत्यक्षात तो नियम ज्यांच्या घरी खाण्यापिण्याची ददात नव्हती, त्यांना सोयीचा होता.

या परिस्थितीमुळे खेळाचा भूगोलही मर्यादित राहिला. एकेरीचा खेळाडू घडण्यासाठी वाऱ्यापासून सुरक्षित, उंच छताचा दिवाणखाना, पुरेसा प्रकाश आणि रोज हरविणारा कोणी तरी वरचढ सोबती या तीन गोष्टी लागतात. त्या मुंबई व पुणे येथे होत्या. पटवर्धनांच्या संस्थानाची राजधानी असलेल्या सांगलीसारख्या ठिकाणीही खेळाची आवड जोपासली गेली होती. मराठवाड्याची गोष्ट वेगळी होती. उदाहरणार्थ, नाटेकर प्रथम राष्ट्रीय विजेते झाले त्या १९५३ साली जालना हे हैदराबाद राज्यातील औरंगाबाद जिल्ह्यामधील एक तालुक्याचे गाव होते. मनमाड–सिकंदराबाद हा त्याला जोडणारा लोहमार्ग मीटरमापी असल्याने मुंबईला यायचे तर मनमाडला गाडी बदलावी लागे; हैदराबादला मात्र थेट जाता येई. जालना १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आले आणि १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा झाला म्हणजे जिल्हा क्रीडासंकुल, जिल्हा संघटना आणि राज्य स्पर्धेत जिल्ह्याच्या नावाने उतरण्याचा हक्क या गोष्टी मागोमाग येतात. खेळांच्या इतिहासात अशा प्रशासकीय तारखांची नोंद फारशी घेतली जात नाही. परंतु एखाद्या गावच्या होतकरू मुलाने कोणाविरुद्ध खेळायचे, हे पुष्कळदा त्यांवरच ठरते.

नाटेकरांनंतर भारतीय एकेरीची धुरा इतरांकडे गेली. १९६५ मध्ये लखनौ येथे दिनेश खन्ना यांनी आशियाई अजिंक्यपद मिळविले. १९७१ पासून लागोपाठ नऊ वर्षे राष्ट्रीय अजिंक्यपद प्रकाश पदुकोण यांच्याकडे राहिले. पदुकोण यांच्याही खेळात मनगटी कौशल्य, फसवे फटके व जाळीजवळचा हळुवारपणा यांवर भर होता. त्या अर्थाने ते नाटेकरांचे वारसदार ठरतात. फरक पडला, तो काळाचा. १९७९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाने खुल्या स्पर्धांना मान्यता दिली, बक्षिसाच्या रकमा उघडपणे दिल्या जाऊ लागल्या आणि त्याच वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमधील स्पर्धा पदुकोण यांनी जिंकली. १९८० मध्ये त्यांनी इंडोनेशियाच्या लिएम स्वी किंग याला १५–३, १५–१० असे हरवून ऑल इंग्लंडचे अजिंक्यपद मिळविले. त्यानंतर ते डेन्मार्कमध्ये राहून खेळू लागले. वर्षभर जगातील उत्तमोत्तम खेळाडूंबरोबर सराव करायचा आणि त्यावरच उपजीविका करायची, हा मार्ग भारतीय एकेरी खेळाडूसाठी प्रथम त्यांनी खुला केला. नाटेकर १९५४ मध्ये वीस वर्षांचे असताना ऑल इंग्लंडच्या उपांत्यपूर्व फेरीत पोहोचले होते. त्यावेळी असा मार्ग उपलब्ध असता, तर ते आणखी किती पुढे गेले असते, हा प्रश्न मनात येतो. त्याला पुराव्याने उत्तर देता येत नाही, पण तो अप्रस्तुतही नाही.

महाराष्ट्रात या खेळाची परंपरा पुढेही टिकून राहिली. महिलांमध्ये मुंबईच्या अमी घिया सात वेळा व अपर्णा पोपट नऊ वेळा राष्ट्रीय एकेरी विजेत्या झाल्या. प्रदीप गंधे यांनी १९८२ च्या दिल्ली येथील आशियाई क्रीडासामन्यांत लेरॉय डिसा यांच्या साथीने दुहेरीत कांस्यपदक मिळविले. पुण्याचे निखिल कानेटकर २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एकेरी खेळले. तथापि पुरुषांच्या एकेरीत राष्ट्रीय पातळीवर दीर्घकाळ वर्चस्व गाजविणारा दुसरा मराठी खेळाडू नाटेकरांनंतर झाला नाही. प्रशिक्षणाचे केंद्र हळूहळू बंगलोर व हैदराबादकडे सरकले.

नाटेकरांचे पुत्र गौरव यांनी मात्र वडिलांनी मागे टाकलेला टेनिसचा खेळ निवडला. १९९४ च्या हिरोशिमा आशियाई क्रीडासामन्यांत त्यांनी लिएंडर पेस यांच्यासमवेत दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले व १९९६ मध्ये त्यांनाही अर्जुन पुरस्कार मिळाला.

नंदू नाटेकर पुणे येथे वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी निवर्तले. त्यानंतर दहा महिन्यांच्या आत, १५ मे २०२२ रोजी, बँकॉक येथे भारताने इंडोनेशियाला ३–० असे हरवून टॉमस चषक प्रथमच जिंकला. तोवर लढतीतील सामने नवावरून पाचांवर आले होते आणि विजयी संघातील एकाही खेळाडूला त्या दिवशी एकाहून अधिक सामना खेळावा लागला नाही.